काकांचा ट्रॉम्बोन, सात नव्या चाली, तेच जुने सोबती: एका खोलीत वाजवावं की वेगवेगळं?

विश्वामित्रीकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, थोडी लांबण लागेल.

माझे धाकटे काका ट्रॉम्बोन वाजवतात. तोच, लांब नळीचा, पुढेमागे सरकवायचा पितळी बाजा. वय ६७. नोकरी रेल्वेत झाली, इथेच बडोद्यात. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर दर गुरुवारी संध्याकाळी पाच जण जमतात: काका, फतेहगंजचे सॅक्सोफोनवाले अंकल (मूळचे गोव्याचे), एक गिटार, एक बेस गिटार आणि ड्रम्सवाले मोटाभाई. १९८६ पासून हेच पाच. माझा गुरुवारचा सगळा अभ्यास त्या आवाजात झालाय.

लग्नाची रिसेप्शनं, नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, हॉटेलातल्या ३१ डिसेंबरच्या रात्री, सगळं वाजवून झालं. गुरुवारी मात्र फक्त जॅझ, आणि तोही अमेरिकन मंडळींच्या चालींचा. ऑगस्ट २०२४ चा पूर आला तेव्हा मोटाभाईंच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि ड्रम्सचा सेट गेला. दोन महिने गुरुवार झालाच नाही. त्या दोन महिन्यांत काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चाल बांधली. नाव 'मगर'. ट्रॉम्बोनच्या अगदी तळातल्या सुरांवर सुरू होते, आणि चिखलातून काहीतरी जड सरपटत वर येतंय असं वाटतं. विश्वामित्री नदीत मगरी, त्यामुळे बडोदेकरांना नाव समजावून सांगायला नको. आता अशा सात चाली झाल्यात आणि अल्बम करायचं ठरलंय.

प्रश्न असा. रेकॉर्डिंग करणारा मुलगा (हुशार आहे, मनापासून करतोय) म्हणतो, कानात क्लिक (लय धरायची यंत्राची टकटक) घेऊन प्रत्येकाने वेगवेगळं वाजवा. आधी ड्रम्स, मग बेस, गिटार, शेवटी सॅक्स आणि ट्रॉम्बोन. चुकलं तर तेवढंच बदलता येईल. काका म्हणतात, पाचही जण एका खोलीत, एका दमात, नाहीतर अल्बमच नको. बाकीचे चौघे मनाने काकांकडे आहेत, पण खर्च बघून डळमळताहेत.

मी काकांच्या बाजूची आहे. तिसऱ्या चालीत मुखडा परत यायच्या आधी पाचही जण किंचित रेंगाळतात. कुणी मान हलवत नाही, खूण करत नाही, आणि तरी एकदम समेवर येतात. मी किती वर्षं बघतेय, मला अजून कळलेलं नाही ते कसं जमतं. क्लिकवर हे कसं होणार? पण तांत्रिक गोष्टी मला कळत नाहीत. ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.


तीनताल_तेरा

वाचतेय. 'मगर' कधी ऐकायला मिळेल?


ध्वनिकोठी

ताई, त्या मुलाची बाजू मांडतो, कारण मी हेच काम करतो.

ट्रॉम्बोन दणदणीत. त्यात ड्रम्स. लहान माडीवर पाच जण वाजवायला लागले की सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये झिरपतो. झांजेचा छणछणाट तिच्या माइकमध्ये येतो आणि क्षणभर उशिराने काकांच्या माइकमध्येही येतो. दोन्ही एकत्र केले की आवाज गढूळ. शिवाय काकांचा एक सूर फाटला तर तेवढाच उचलून बदलता येत नाही, कारण त्या सुराला मागचे ड्रम्स चिकटलेले असतात. चूक एकाची, पुन्हा वाजवायचं पाचांनी.

आणि ओठांचं काय? पितळी वाद्यात ओठ थकले की वरचा सूर लागत नाही. सातव्या टेकला काका काय करतील? भावना समजते, पण ऐकणाऱ्यापर्यंत कानावर पडतं तेवढंच पोचतं.


रावपुऱ्याचा_रघू

दांडिया बाजार, माडी आणि उन्हाळा. रेकॉर्डिंगला पंखा बंद. पाच जण. अल्बमच्या खर्चात टॉवेल आणि लिंबू सरबत धरलंय ना? :)


पितळी

रघूभाऊ, गमतीत बोललात पण मुद्दा खरा आहे. हवा तापली की पितळी वाद्याचा सूर चढतो, कारण गरम हवेत आवाज जास्त वेगाने धावतो. गिटारचं उलट, तारा तापून सैल पडतात आणि सूर उतरतो. म्हणजे पंखा बंद केल्यावर अर्ध्या तासात ट्रॉम्बोन एकीकडे आणि गिटार दुसरीकडे. वि.काठी, प्रत्येक टेकच्या आधी सूर जुळवून घ्या आणि शक्यतो पहाटे वाजवा.

आता मूळ प्रश्न. मी स्वतः २२ वर्षं ट्रॉम्बोन वाजवतोय (इंदूर, आधी लग्नाचा बँड, मग पोरांना शिकवणं). माझं मत सरळ आहे: एका खोलीत.

रूडी व्हॅन गेल्डर हे नाव जॅझवाल्यांना माहीत असेल. दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देणारा माणूस. न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घरात, दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' हा अल्बम १५ सप्टेंबर १९५७ ला तिथेच झाला, आणि त्यात ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर आहे. ट्रम्पेट, सॅक्स, ट्रॉम्बोन, पियानो, बेस, ड्रम्स, सहा जण, एका घराच्या बैठकीच्या खोलीत. माडीला नावं ठेवू नका.

सोबत्यांबद्दलही लिहितो. अमेरिकेतला जॅझ बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टन, त्याच्याकडे सॅक्सवाला हॅरी कार्नी १९२७ मध्ये आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन गेला तोपर्यंत तिथेच वाजवत राहिला. एलिंग्टन वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिही. कागदावर 'ट्रॉम्बोन दुसरा' असं नसायचं, माणसाचं नाव असायचं. त्याच्याकडे एका काळी तीन ट्रॉम्बोन होते आणि तिघांचे तीन आवाज. ट्रिकी सॅम नॅन्टन मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी टोप वाद्याच्या तोंडाशी धरून त्याला बोलायला लावायचा. लॉरेन्स ब्राउन मऊ, गाणाऱ्या गळ्यासारखा. आणि पोर्तो रिकोचा हुआन तिझोल, तो सरकत्या नळीचा नाही, चाव्यांचा ट्रॉम्बोन वाजवायचा. 'कॅरॅव्हान' ही जगभर गेलेली चाल मुळात त्याची. असा माणूस ओळखीचा असेल तरच त्याच्यासाठी असं लिहिता येतं. काकांच्या सात चालीही अशाच पाच माणसांसाठी लिहिल्या असणार. त्या पाच जणांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं?


सेवउसळ

हा प्रतिसाद वाचून रबरी टोपाकडे बघण्याची नजर बदलली.


ध्वनिकोठी

पितळी, तुमचा मान राखून: व्हॅन गेल्डरच्या दिवाणखान्यात वाजवणारे रोज रात्री क्लबात तासन्‌तास वाजवणारे लोक होते. आठवड्यातून एका संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना तो न्याय लावू नका. आणि त्या खोलीचा आवाज त्या माणसाने वर्षानुवर्षं घडवला होता.


मांजलपूरची_मेधा

माझा प्रश्न थोडा वेगळा. नव्या चाली आहेत तर नवी माणसं का नकोत? तीस-चाळीस वर्षं एकत्र वाजवणारे लोक एकमेकांना सांभाळून घेतात, आणि सांभाळून घेता घेता साचा तयार होतो. बडोद्यात आज कितीतरी तरुण मुलं चांगली वाजवतात. एखादा पंचविशीतला ड्रमर घेतला तर काकांनाही धक्का बसेल, चांगल्या अर्थाने. राग मानू नका.


विश्वामित्रीकाठी

मेधाताई, राग कसला. हाच प्रश्न मी काकांना विचारला होता. ते म्हणाले, नवीन माणूस माझं कौतुक करेल. चौथी चाल त्यांनी पहिल्यांदा वाजवून दाखवली तेव्हा सॅक्सवाले अंकल अर्ध्यात थांबले आणि म्हणाले, "हे मधलं तुझं नाही, आपण १९९२ मध्ये वाजवायचो त्यातलं आहे." काकांना आठवतही नव्हतं. मग अंकलनी ते जुनं वाजवून दाखवलं. सुरावट तीच. काकांनी ते पान फाडलं आणि तीन आठवड्यांनी नवीन मधला भाग आणला. जुने सोबती सांभाळून घेतात हे खरं, पण चोरी पकडायलाही तेच लागतात.


मांजलपूरची_मेधा

हे पटलं. माझा मुद्दा अर्धा मागे घेते.


गायनशाळा_माजी

धागा आवडला. अवांतर होईल, पण बडोद्याचा विषय आहे म्हणून राहवत नाही.

आपल्याकडे पाश्चात्त्य वाद्यं हॉटेलांतून आली असा समज असतो. बडोद्यात ती दरबारातून आली. सयाजीरावांच्या काळात १८८६ मध्ये दरबारचे गवई मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा निघाली, तीच पुढे विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय झाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि पुस्तकं लिहिली, म्हणजे चाल कागदावर उतरवायची सवय इथे सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी. त्यांचे चिरंजीव विलायतेत जाऊन पाश्चात्त्य संगीत शिकून आले. नातू इनायत खाँ, जन्म १८८२, बडोद्याचाच, पुढे १९१० मध्ये अमेरिकेला गेले. दरबारचा कलावंत कारखाना (गवई-वादकांचं खातं) एकीकडे आणि संस्थानचा बँड दुसरीकडे, दोन्ही एकाच तिजोरीतून चालायचे. आमचे आजोबा कमाटीबागेत संध्याकाळी बँड ऐकायला जात. तिथे त्यांनी पहिल्यांदा सरकत्या नळीचा बाजा पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, "त्या माणसाचा हात लांब होतो आणि सूर खाली जातो."

काकांना ट्रॉम्बोन कुणी शिकवला, हे विचाराल का?


विश्वामित्रीकाठी

आजोबांचं वाक्य काकांना वाचून दाखवलं, फार खूश झाले.

शिकवलं एका निवृत्त बँडमास्तरांनी, गोव्याचे होते. काका १९ वर्षांचे असताना त्यांच्याकडे ट्रम्पेट शिकायला गेले. मास्तरांनी हात बघितला, म्हणाले तुझे हात लांब आहेत, हा घे. नळीवर सात जागा, पण एकही खूण नाही. सातवी जागा हात पूर्ण ताणला की कुठेतरी. पहिले सहा महिने फक्त जागा शोधायच्या, डोळे मिटून. अजूनही दर गुरुवारी आधी नळीला मलम लावतात आणि मग इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन फवारा मारतात. ती बाटली काकूंची आहे आणि काकूंना हे माहीत आहे.


कारेलीबागची_सून

सात जागा, खूण नाही, म्हणजे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) काढायलाच केलेलं वाद्य की हो! सारंगीसारखं.


पितळी

सूनबाई, अगदी. फक्त सगळीच मींड अखंड निघत नाही. एका जागेवर ओठ आवळून सैल करून वेगवेगळे सूर निघतात, आणि एका सुराच्या घराण्यातून दुसऱ्यात जाताना उडी मारावीच लागते. ती उडी लपवणं ही कला. आणि उलट, जलद वाजवताना सूर घसरू न देणं ही त्याहून मोठी. जे. जे. जॉन्सन इतकं स्वच्छ वाजवायचा की रेकॉर्ड ऐकून लोकांना वाटायचं, याच्याकडे चाव्यांचा ट्रॉम्बोन आहे. फ्रँक सिनात्रा टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गायचा, तेव्हा दमसास कसा राखायचा हे डॉर्सीचा ट्रॉम्बोन बघून शिकल्याचं तो स्वतः सांगत असे. गवई वादकाकडून शिकला.

अजून एक गंमत. स्टीव्ह टुरे नावाचा ट्रॉम्बोनवाला शंख वाजवतो. लहानमोठे वेगवेगळ्या सुरांचे शंख मांडून ठेवतो आणि त्यावर चक्क जॅझ. तोंडाची क्रिया तीच ना.


सेवउसळ

आमच्या आत्याबाई आरतीला शंख फुंकतात, त्यांना कळवतो. पुढच्या गणपतीत जॅझ.


दत्तसेवक_वाडी

मला जॅझमधलं काही कळत नाही, पण 'वेगवेगळं रेकॉर्डिंग' यावर अनुभव आहे म्हणून लिहितो.

आमचं भजनी मंडळ, वाडीतलं. दर गुरुवारी दत्ताचं भजन. नऊ जण, बहुतेक सगळे ३० वर्षांपासूनचे. २०२० मध्ये टाळेबंदी लागली. दत्तजयंतीला काहीतरी करू म्हणून प्रत्येकाने घरी फोनवर आपापलं रेकॉर्ड केलं आणि एकाच्या भाच्याने जोडलं. सगळ्यांच्या कानात एकच पेटी होती, म्हणजे तुमची क्लिक समजा. लय बरोबर होती. तपासून बघितली, कुणी चुकलं नव्हतं. पण टाळ! नऊ टाळ, प्रत्येक जण बरोबर, आणि सगळे मिळून पत्र्यावर गारा पडल्यासारखे. एरवी समोरच्याचा टाळ वर गेला की आपला वर जातो, हे आम्हाला तोपर्यंत कळलंच नव्हतं. नाना आमच्यातले सगळ्यात वयस्कर, त्यांनी ते एकदाच ऐकलं आणि फोन ठेवून दिला. पुन्हा कधी कुणी लावलं नाही.

नाना २०२१ मध्ये गेले. आता त्यांच्या आवाजातलं भजन आमच्याकडे तेवढंच आहे, एकट्याचं. ऐकताना पोटात कालवतं, कारण ते असे एकटे कधी गायलेच नाहीत.

काकांना सांगा, पाच जण आहेत तोवर एका खोलीत वाजवा.


तीनताल_तेरा

दत्तसेवक, काय लिहिलंत. _/\_


कारेलीबागची_सून

डोळ्यांत पाणी.


ध्वनिकोठी

दत्तसेवक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'ऐकणाऱ्यापर्यंत कानावर पडतं तेवढंच पोचतं' परत घेत नाही, पण टाळांचं जे सांगितलंत तेही कानावरच पडलं, हे खरंच.

वि.काठी, एकत्रच करायचं ठरलं तर नीट करू. मी सांगतो ते त्या मुलाला दाखवा, तो समजेल.

क्लिक नको. माइक वाद्याच्या जवळ, आणि वाद्यापासून जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट तरी अंतर शेजारच्या माइकपर्यंत. काकांसाठी रिबन माइक मिळतो का बघा. तो पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही बाजूंना बहिरा असतो. त्याची बहिरी बाजू ड्रम्सकडे करा, निम्मा त्रास तिथेच संपेल. पण काकांनी फुंक थेट त्यात मारू नये, जरा तिरकं धरावं, आतली पट्टी नाजूक असते. ड्रम्स आणि बाकीचे यांच्यात जाड गोधड्या टांगा. आणि जास्तीत जास्त तीन टेक. सगळ्यात उंच सुरांची चाल सकाळी पहिली घ्या, ओठ ताजे असताना.


रावपुऱ्याचा_रघू

गोधड्या! ध्वनिकोठी, तुम्ही आमच्या आजींना काम मिळवून दिलंत.


मांजलपूरची_मेधा

अल्बमचं नाव ठरलं का? आणि बाकीच्या चालींची नावं सांगा ना.


विश्वामित्रीकाठी

अल्बमचं नाव 'गुरुवार'. चालींमध्ये 'मगर', 'सुरसागरला फेरी', 'मांडवी बंद आहे' (तिथून गाडी नेता नेता सुचलेली, तिचा ठेका सतत अडखळतो), आणि एक काकूंसाठी, तिला नाव नाही, फक्त 'पाचवी' म्हणतात. काकूंना वाटतं चाल चांगली आहे पण लांबली आहे. काकांनी आठ मात्रा कापल्या.


पितळी

'पाचवी' ला माझ्याकडून आत्ताच दाद. आणि आठ मात्रा कापणाऱ्या वादकाला दोनदा.


गायनशाळा_माजी

ताई, काही ठरलं का? महिना होत आला.


विश्वामित्रीकाठी

हो, उशीर झाला, माफ करा. ठरलंच, आणि कसं ठरलं ते सांगायलाच हवं.

गेल्या गुरुवारी तालीम घेतली, ध्वनिकोठींनी सांगितलं तशी. रेकॉर्डिंगवाल्या मुलाने रिबन माइक उसना आणला. आजीच्या तीन गोधड्या तारेवर टांगल्या, अगदी छतापासून जमिनीपर्यंत, मोटाभाई आणि काका यांच्या मधोमध. पंखा बंद. सूर जुळवले. काका म्हणाले, "हेंडो." (चला.)

पहिल्या दोन चाली छान गेल्या. तिसरी आली. ती रेंगाळायची जागा आली, आणि मोटाभाई उशिरा आले. पुन्हा घेतलं. पुन्हा उशिरा. तिसऱ्यांदा लवकर. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे चुकताना पाहिलेलं नाही. सगळे गप्प. मोटाभाई गोधडीमागून म्हणाले, "नळी देखाती नथी."

नळी दिसत नाही.

मग कळलं. त्या जागी काका शेवटचा सूर धरतात आणि तो संपताना नळी आत ओढून घेतात, कोपर बरगडीला लागतं. मोटाभाई इतकी वर्षं त्या कोपराकडे बघून वाजवत आलेत. काकांना माहीत नव्हतं. मोटाभाईंनाही गोधडी आडवी येईपर्यंत माहीत नव्हतं. मग बेसवाले म्हणाले, मी मोटाभाईंच्या उजव्या पायाकडे बघतो. गिटारवाले म्हणाले, मी तर डोळेच मिटतो, अंकलचा श्वास ऐकू येतो मला. मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, कुणी खूण करत नाही. असतेच की खूण.

त्या मुलाने हेडफोन काढले, स्टूल घेतलं आणि स्वतःच्या हाताने तार खाली बांधली. चौथा टेक घेतला. पाचही जण आले, बरोबर.

ध्वनिकोठी, गोधडी खाली घेतल्यामुळे झांजा थोड्या झिरपताहेत काकांच्या माइकमध्ये. चालेल का?


ध्वनिकोठी

चालेल. मोटाभाईंना सांगा झांजा एक वीत खाली उतरवा, गोधडीच्या काठाच्या आत राहतील. काठ काकांच्या कोपरापेक्षा खाली हवा, तेवढं मात्र सांभाळा.


पितळी

आणि 'मगर' सगळ्यात शेवटी घ्या. ओठ थकले तरी तळातले सूर जात नाहीत.


विश्वामित्रीकाठी

काकाही अगदी हेच म्हणाले. रविवारी पहाटे साडेपाचला सुरू करतोय, पंख्याशिवाय. काठ कोपराच्या चार बोटं खाली बांधलाय.